तुझ्या पत्रातली अर्धी ओळ

पत्र: "ताई, आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला नऊ वर्षं राहतोय. नवऱ्याच्या हातात दोन ऑफर आहेत. एक जॉर्जियात अटलांट्याची, ऑफिस आल्फारेटाला. दुसरी नॉर्थ कॅरोलिनात, रिसर्च ट्रँगल पार्कमध्ये. अटलांट्याचा पगार वर्षाला १२ हजार डॉलरनं जास्त आहे. तो कार्ड पेमेंटच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. त्याचा एच-१बी म्हणजे कामाचा व्हिसा आहे, ग्रीन कार्डसाठी कंपनीचा आय-१४० अर्ज मंजूर आहे, ग्रीन कार्डच्या रांगेत आहोत. मुलगी १४ वर्षांची, जन्म पुण्याचा. मुलगा सहा वर्षांचा, जन्म इथला, त्याला दम्याचा त्रास आहे. सासूबाई वर्षाआड नाशिकहून सहा महिने येतात. मैत्रीण म्हणते अटलांट्याला जा, होप स्कॉलरशिपमुळे मुलीचं कॉलेज फुकट होईल. दीर म्हणतो त्या पार्कजवळच्या कॅरीला जा, शांत गाव आहे. मी घर, शाळा, देऊळ, हवा, कर असा तक्ता करून गुण दिले, तर दोन्हीकडे सारखेच आले. मी पूर्वी क्लिनिकल डेटाचं काम करायचे, आता घरीच असते. साउथमधले लोक आपल्याशी कसे वागतात याचीही धाकधूक आहे. पंधरा दिवसांत कळवायचंय. मी तुमच्यापेक्षा लहान आहे, मला अगं-तूगं करा."

अगं,

तुझं पत्र मी आधी भाजी निवडता निवडता फोनवर वाचलं आणि रात्री पुन्हा नीट बसून वाचलं. दोन्हीकडे मी राहिले आहे. २००६ ते २०१६ आम्ही आल्फारेटाला होतो, तेव्हापासून कॅरीत आहोत. त्यामुळे तुझ्या तक्त्यातल्या बहुतेक रकान्यांवर मला सांगता येईल, आणि सांगणारही आहे. पण आधी त्यात जे नाही त्याबद्दल.

"मी पूर्वी क्लिनिकल डेटाचं काम करायचे, आता घरीच असते." पत्र एवढं मोठं, आणि तुझ्या कामाला त्यात मिळाली ही अर्धी ओळ. नवऱ्याच्या नोकरीला रकाना आहे, मुलीच्या कॉलेजला आहे, मुलाच्या छातीला आहे, सासूबाईंच्या देवळालाही आहे. तुला नाही. म्हणून मी तुला उलट मेल करून विचारलं, तेव्हा एकेक गोष्ट बाहेर आली. सहा वर्षं तू औषधांच्या चाचण्यांच्या डेटावर सॅसमध्ये प्रोग्रामिंग केलंस. पहिली दोन वर्षं शिक्षणानंतरच्या ओपीटी परवान्यावर, पुढची चार स्वतःच्या एच-१बीवर. धाकटा झाला तेव्हा नवऱ्यामागे एच-४ वर, म्हणजे कुटुंबीयांच्या व्हिसावर आलीस. आज वर्क परमिट तुझ्या हातात आहे आणि ते कपाटातल्या फाइलमध्ये पडून आहे.

ज्या सॉफ्टवेअरवर तू सहा वर्षं हात बसवलास, त्याचं माहेर कॅरी आहे. सॅस ही कंपनी १९७६ साली नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या कामातून उभी राहिली आणि आजही तिचं मुख्य ठाणं कॅरीतच आहे. शेजारच्या डरमला आयक्यूव्हिया ही औषधांच्या चाचण्या चालवणारी कंपनी आहे. ती ज्या क्विंटाइल्समधून वाढली ती कंपनी १९८२ मध्ये इथल्याच चॅपल हिलमध्ये सुरू झाली होती. ड्यूक युनिव्हर्सिटीची स्वतःची क्लिनिकल रिसर्च संस्था आहे. औषध कंपन्यांसाठी कंत्राटावर चाचण्या चालवणाऱ्या कंपन्या, ज्यांना तुम्ही लोक सीआरओ म्हणता, त्या या वीस-पंचवीस मैलांत जितक्या दाटीनं आहेत तितक्या देशात फार थोड्या ठिकाणी असतील. न्यू जर्सी हे त्यातलं एक, आणि ते तू सोडून निघाली आहेस. अटलांट्यात एमरी युनिव्हर्सिटी आहे, सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था आहे, काम अगदीच मिळणार नाही असं नाही. पण तिथे तुला काम शोधावं लागेल. इथे बेडेकर मसाल्याच्या दुकानात हळद मागावी इतकं ते साहजिक आहे.

तुझ्या नोकरीचा विषय मी फक्त तुझं मन रमावं म्हणून काढलेला नाही. तुमच्या घराचा सगळा भार आज एका कागदावर आहे. नवऱ्याची नोकरी गेली तर एच-१बीवर त्याला दुसरी शोधायला ६० दिवस मिळतात. तुझं वर्क परमिट त्याच्याच व्हिसाला बांधलेलं, म्हणजे तेही त्याच ६० दिवसांत लटकतं. मुलीचा एच-४ सुद्धा. अशा घरात शहर निवडताना पहिला प्रश्न हा की पहिली नोकरी गेली तर त्याच शहरात, घर न हलवता, दुसरी मिळेल का. आणि दुसरा प्रश्न, घरात आणखी कुणाच्या नावावर नोकरी आहे का. तू एच-१बीच्या लॉटरीतून एकदा पार झालेली आहेस आणि एच-१बीच्या सहा वर्षांतली दोन तुझ्या खात्यात शिल्लक आहेत. म्हणजे वेळ आलीच तर तुझी कंपनी लॉटरीशिवाय तुझ्यासाठी अर्ज करू शकते आणि तो तुझ्यामागे एच-४ वर घरात राहू शकतो. विद्यापीठांना तर लॉटरीचं बंधनच नाही. हे सगळं वकिलाला कागद दाखवून पक्कं करून घे. पण तुझी कंपनी आहे कुठे? आज ती नाहीच. ती असणं हाच तुमच्या घराचा विमा आहे.

आता नवऱ्याच्या बाजूनं बघितलं तर मला अटलांट्याला कमी लेखायचं नाही. कार्ड पेमेंटच्या धंद्याचं ते पेठेतलं मुख्य दुकान आहे. त्या भागाला लोक 'ट्रँझॅक्शन अ‍ॅली' म्हणतात ते उगाच नाही. देशातल्या कार्ड व्यवहारांचा मोठा हिस्सा जॉर्जियातल्या कंपन्यांच्या यंत्रणेतून जातो, आणि त्यातल्या कितीतरी कंपन्यांची ऑफिसं आल्फारेटाच्या आसपास आहेत. त्याची नोकरी गेली तर तिथे त्याच्याच कामाची दुसरी मिळणं सोपं. ट्रँगलमध्ये, म्हणजे रॉली-डरम-चॅपल हिलच्या या भागात, सिस्को, आयबीएम, रेड हॅट, लेनोव्हो, फिडेलिटी आहेत. सॉफ्टवेअरच्या माणसाला तोटा नाही, पण पेमेंटच्या माणसाला थोडं वळण घ्यावं लागेल. त्याला सर्वांत दाट बाजार एकीकडे, तुला दुसरीकडे. असं असताना घराघरांत नवऱ्याचा बाजार बघितला जातो आणि बायकोनं 'काहीतरी रिमोट' बघावं असं ठरतं. मी स्वतः तेच केलं होतं आणि दहा वर्षं घालवली, म्हणून तळमळून सांगतेय. त्याला दोन्हीकडे नोकरी आहे. तुला एकीकडे आहे. आणि ते १२ हजार? तू अर्ध्या वर्षाचं कंत्राट घेतलंस तरी त्याच्या कितीतरी पुढे जाशील.

होपबद्दल तुझ्या मैत्रिणीला नीट माहिती नाही. होप स्कॉलरशिप १९९३ पासून जॉर्जिया राज्याच्या लॉटरीच्या पैशांवर चालते, जॉर्जियातल्या मुलांना तिनं खूप दिलं आहे, माझ्या भाचरांनाही दिलं. पण ती अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्ड वगैरे असलेल्या मुलांसाठी आहे. एच-४ वरच्या मुलीला ती मिळत नाही. तुझा मुलगा नागरिक आहे, त्याला बारा वर्षांनी मिळू शकेल. पण त्याच्यासाठी आज गाव ठरवण्यात अर्थ नाही. मुलीच्या बाबतीत तुमच्या हातात आहे ते राज्याच्या मुलांसाठीचं फीचं गणित. नॉर्थ कॅरोलिनात एच-४ वरच्या मुलांनाही रहिवासी म्हणून अर्ज करता येतो, १२ महिन्यांचं खरं वास्तव्य दाखवावं लागतं. ती नववीत जाणार, म्हणजे वेळ भरपूर आहे. भाड्याचा करार, लायसन्स, कर भरल्याचे कागद पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये लावत जा. आणि २१ व्या वर्षी तिचा एच-४ संपतो ही तारीख कॅलेंडरवर आजच लिहून ठेव. तिच्याशी त्याबद्दल बोलायलाही फार उशीर करू नकोस. मुलं हे दुसऱ्या मुलांकडून ऐकतात आणि घाबरतात.

नवी कंपनी म्हटल्यावर ग्रीन कार्डचा अर्ज पर्म या पहिल्या टप्प्यापासून पुन्हा करावा लागेल, दोन्ही ठिकाणी सारखाच. जुनी प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तुमची तारीख, मात्र नव्या अर्जाला लागते. ऑफर स्वीकारण्यापूर्वी लेखी विचारा: पर्म किती महिन्यांत सुरू करणार? "बघू, एक वर्षानं" म्हणणारी कंपनी १२ हजार जास्त देत असली तरी ती महागच पडते. पर्म गावाला बांधलेला असतो हेही लक्षात घ्या. उद्या तीच कंपनी म्हणाली की दुसऱ्या राज्यातल्या ऑफिसात जा, तर बहुतेक वेळा तो नव्यानं करावा लागतो.

शाळांच्या बाबतीत तुला एडिसनच्या सवयी सोडाव्या लागतील. एडिसनला सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेनंतर शाळा उघडते. जॉर्जियात ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच उघडते. तुम्ही निवांत ऑगस्टअखेर पोचलात तर मुलगी हायस्कूलच्या पहिल्याच महिन्यात मागे पडेल. इथे वेक काउंटीत दोन पद्धती आहेत. नेहमीच्या शाळा ऑगस्टच्या शेवटी सुरू होतात. आणि बऱ्याच प्राथमिक शाळा वर्षभर चालतात: ४५ दिवस शाळा, १५ दिवस सुट्टी, मुलांचे चार गट, आणि वर्ष जुलैतच सुरू. हायस्कूल बहुतेक नेहमीच्या वेळापत्रकावर. म्हणजे असं होऊ शकतं की मुलाला तीन आठवडे सुट्टी आहे आणि मुलीची परीक्षा चालू आहे. नाशिकला जायची तिकिटं काढताना हे फार जाचतं. उलट, तुझ्या मुलाचा गट बरोबर लागला तर उन्हाळ्याची महागडी तिकिटं टाळून ऐन दिवाळीच्या आसपास त्याला घेऊन जाता येतं. आम्ही एकदा तसं गेलो होतो. माझ्या लेकीनं दारात पणत्या लावल्या तो फोटो अजून आमच्या फ्रिजवर आहे.

वेकमध्ये आणखी एक गोष्ट, जी आम्हाला कुणीच सांगितली नव्हती. गाव इतकं भराभर वाढलंय की काही शाळा भरल्या की त्यांना 'कॅप' लागते. तुम्ही शाळेच्या समोर घर घेतलंत तरी नव्यानं आलेल्या मुलाला दुसऱ्या शाळेत पाठवतात. आम्ही शाळा बघूनच घर भाड्यानं घेतलं होतं, आणि धाकटी वर्षभर पाच मैल लांब बसनं गेली. पत्ता पक्का करण्याआधी काउंटीच्या साइटवर त्या शाळेला कॅप आहे का बघ. फोन करूनही विचार. अटलांट्याकडे वेगळी गंमत: पत्त्यावर आल्फारेटा लिहिलेलं असलं तरी घर फुल्टन काउंटीत असेल की फोर्साइथमध्ये हे नकाशा बघूनच कळतं, आणि काउंटी बदलली की शाळा बदलली. दोन्हीकडच्या शाळा अभ्यासाला चांगल्या आहेत. जॉन्स क्रीक आणि साउथ फोर्साइथमधल्या हायस्कूलांत आपल्या मुलांमधली चढाओढ मात्र फार तीव्र आहे. कॅरीतही आहे, थोडी कमी. तुझी मुलगी कशी आहे हे तुलाच माहीत.

सासूबाईंबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय.

२००९ मध्ये माझी आई आल्फारेटाला सहा महिन्यांसाठी आली होती. सुंदर घर होतं, मागे पाइनची झाडं, समोर गुळगुळीत रस्ता. सकाळी आठला आम्ही सगळे बाहेर पडायचो. आई पूजा करायची, कुकर लावायची आणि मग बाहेरच्या पत्रपेटीपर्यंत चालत जाऊन उभी राहायची. एक दिवस मी दुपारी अचानक घरी आले, तर ती त्या पत्रपेटीला हात टेकून उभी होती, डोक्यावर पदर, ऊन मी म्हणत होतं. मला बघून म्हणाली, "सकाळपासून सात गाड्या गेल्या. इथे माणसं राहतात की नुसती घरंच आहेत गं?" सातव्या गाडीतून मी उतरले होते. चार महिन्यांत ती परत गेली. पुन्हा आली नाही.

त्या भागात पदपथ असला तरी तो आपल्या वसाहतीच्या फाटकाशी संपतो. दुकान मैलभर लांब, मध्ये सहापदरी रस्ता. मार्टाची, म्हणजे अटलांट्याची शहरी रेल्वे उत्तरेकडे नॉर्थ स्प्रिंग्जला थांबते, आल्फारेटापर्यंत येत नाही. शेजारच्या ग्विनेट काउंटीनं तर १९७१ पासून मार्टाला मतदानात पुन्हा पुन्हा नकार दिलाय. गाडी न चालवणाऱ्या माणसाला तिथे दुसऱ्याच्या वेळेवर जगावं लागतं.

कॅरी-मॉरिसव्हिलही गाड्यांचीच गावं आहेत, तुझ्या ओक ट्री रोडसारखं दारात उतरून वाण्याकडे जाता येईल असं समजू नकोस. पण इथे झाडांमधून जाणाऱ्या चालायच्या वाटा आहेत, ग्रीनवे म्हणतात, आणि त्या वसाहतींना एकमेकींशी जोडतात. संध्याकाळी सहाला तिथे ये. आजी-आजोबांचे घोळके दिसतील: पुढे तेलुगू आजोबांची जोडी, मागे गुजराती बायका, एखाद्या बाकावर आपल्याकडच्या दोघी, पायात मोजे आणि वर साडी. सासूबाईंना दुसऱ्याच आठवड्यात ओळखी होतील. मॉरिसव्हिलमध्ये २०२१ पासून फुकट शटल आहे, बोलावलं की ठरलेल्या थांब्यावर येतं. कॅरीत साठीच्या पुढच्या रहिवाशांना दारातून दारात नेणारी बससेवा आहे. सासूबाई पाहुण्या म्हणून येणार, तेव्हा त्यांना ती लागू होते का हे गावाच्या कार्यालयात विचारून घे. व्यंकटेश्वराचं देऊळ २००९ पासून कॅरीतच आहे. अटलांट्याला लिलबर्नचं स्वामीनारायण मंदिर बघण्यासारखं आहे, रिव्हरडेलचं बालाजीचंही. पण रिव्हरडेल आल्फारेटाहून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, जाऊन येऊन रविवार संपतो. जवळ लहान देवळं आहेत. गणपती दोन्हीकडे बसतो, मराठी शाळा दोन्हीकडे भरते, लेझीमही दोन्हीकडे. अटलांट्याचं मंडळ मोठं, नाटकांचे दौरे तिथे जास्त थांबतात. इथे मंडळी कमी, पण आजारपणात डबा घेऊन येणारी तीच असतात.

येण्याजाण्यात अटलांटा सरस. दोहा, इस्तंबूल करत मुंबईहून एका बदलात येता येतं, शिवाय देशभर कुठेही जा. रॉलीहून लंडन, पॅरिस, फ्रँकफर्ट. नेवार्क-मुंबई थेट विमान मात्र दोन्हीकडे विसरायचं. सासूबाईंना व्हीलचेअर सांगून ठेव, त्यात संकोच करू नकोस.

रस्त्यांचं सांगते. २८ जानेवारी २०१४, मंगळवार. अटलांट्यात अडीच इंच बर्फ पडला, तुमच्याकडे कुणी फावडंही काढलं नसतं. पण दुपारी शाळा, ऑफिसं, सगळं एकाच वेळी सोडलं आणि सगळा गाव एकाच वेळी रस्त्यावर आला. माझा नवरा एक वाजता मिडटाउनहून निघाला, रात्री दोनला घरी पोचला, शेवटचे तीन मैल चालत. थोरली शाळेच्या जिममध्ये गोधडीसारखा शिक्षिकेचा कोट पांघरून झोपली. ती शिक्षिका स्वतःच्या लेकराला शेजाऱ्यांकडे ठेवून रात्रभर आमच्या मुलांजवळ बसली होती. मी तिला जन्मात विसरणार नाही. रॉलीतही त्याच वर्षी १२ फेब्रुवारीला असाच घोळ झाला, तेव्हा बर्फात इथलं गाव शहाणं आहे असं मी म्हणत नाही. पण तिकडे साठ लाखांवर माणसं आणि मोजके हायवे. बर्फाशिवायही जीए-४०० वर आणि २८५ च्या वळशावर रोजचा तास जातो. ऑफिस आल्फारेटाला आणि घरही आल्फारेटाला तोवर ठीक. दुसरी नोकरी विमानतळाकडे लागली की मुलं झोपल्यावर बाप घरी. ट्रँगलमध्ये आय-४० तुंबतो, लोक कुरकुरतात, पण तुझं ऑफिस डरमला आणि त्याचं रिसर्च ट्रँगल पार्कमध्ये असेल तर मॉरिसव्हिलमध्ये राहून दोघं जेवायला सातला घरी असाल.

मुलाच्या दम्यासाठी गाव बदलून फरक पडणार नाही. मार्चअखेर ते एप्रिल दोन्हीकडे पाइनचे पिवळे परागकण पडतात. गाडीवर बोटानं नाव लिहिता येईल इतके. अटलांट्यात २०२५ च्या मार्चमध्ये तर आजवरचा उच्चांक झाला. जाल तिथे फेब्रुवारीच्या आत डॉक्टर गाठ, एडिसनच्या डॉक्टरांकडून सगळे रिपोर्ट आणि पंपाचं प्रिस्क्रिप्शन हातात घेऊन ये.

करांचं थोडक्यात: नॉर्थ कॅरोलिनाचा आयकर २०२६ पासून ३.९९ टक्के, जॉर्जियाचा पाचच्या आसपास. गाडीवर जॉर्जिया एकरकमी कर घेतं, इथे दर वर्षी भरावा लागतो. घरपट्टी न्यू जर्सीच्या मानानं दोन्हीकडे हलकी. यातल्या कशानंही तुमचा निर्णय फिरू नये.

आणि तुझी धाकधूक. ती तू शेवटी लिहिलीस, पण ती मनात पहिली असणार. आल्फारेटात पहिल्याच आठवड्यात शेजारच्या बाईंनी पीच पाय आणून दिला आणि विचारलं, तुम्ही कुठल्या चर्चला जाता? मी आत जाऊन रडले होते. नंतर कळलं, तिथे ते 'तुमचं गाव कुठलं' असं विचारण्यासारखं आहे. वीसेक वर्षं झाली, आजही त्या मला फोन करतात. वाईट अनुभव आले नाहीत असं नाही, एकदा पेट्रोल पंपावर एकजण नको ते बोलला. तेवढं एडिसनलाही होतं.

पण जिथे राहायचं त्या मातीचा इतिहास माहीत असावा असं मला वाटतं. फोर्साइथ काउंटीतून १९१२ मध्ये कृष्णवर्णीय रहिवाशांना हुसकावून लावलं होतं. १९८७ मध्ये तिथे निघालेल्या मोर्चावर दगड आले, आणि आठवड्याभरात वीस हजारांच्या आसपास माणसं पुन्हा तिथेच मोर्चाला जमली. आज त्याच काउंटीत आपली मुलं स्पेलिंग बीला बसतात. अटलांटा हे मार्टिन ल्यूथर किंगचं जन्मगाव. त्यांच्या स्मारकाच्या आवारात गांधीजींचा पुतळा आहे. आणि १९६० च्या एप्रिलमध्ये रॉलीच्या शॉ युनिव्हर्सिटीत जमलेल्या विद्यार्थ्यांनी एसएनसीसी ही वंशभेदाविरुद्ध लढणारी संघटना उभी केली. हॉटेलातल्या गोऱ्यांच्या बाकावर शांतपणे जाऊन बसणारी ही मुलं तुझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी होती. त्या लढ्यानं देश हलला, आणि १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानं आपल्यासारख्यांना दार उघडलं. मुलीला दोन्ही ठिकाणं दाखव. पुस्तकात वाचण्यापेक्षा तिथे उभं राहणं वेगळं असतं.

तर माझं मत: ट्रँगल. मॉरिसव्हिल किंवा पश्चिम कॅरी. पहिलं वर्ष भाड्यानं. घर विकत घ्यायची घाई करू नका, कारण नॉर्थ कॅरोलिनात घराची बोली लावताना 'ड्यू डिलिजन्स फी' म्हणून रक्कम थेट विकणाऱ्याच्या हातात द्यावी लागते, आणि तुमचं मन बदललं तर ती परत मिळत नाही. न्यू जर्सीच्या वकिली पद्धतीची सवय असलेले लोक इथे हमखास पोळतात. मॉरिसव्हिलमध्ये घर बघायला जाशील तेव्हा अंगणात दहा मिनिटं उभी राहा आणि वर बघ. विमानतळ शेजारीच आहे.

माझं हे मत एका अटीवर बदलेल. या पंधरा दिवसांत तू तुझा जुना रेझ्युमे काढ, चाचण्यांचा डेटा मांडायच्या ठरलेल्या पद्धतींची, एसडीटीएम-अ‍ॅडॅमची नवी आवृत्ती चाळ, आणि दोन्ही शहरांतल्या सात-आठ जागांना खरोखर अर्ज टाक. सहा वर्षांचा खंड आहे, तेव्हा कायम नोकरीऐवजी कंत्राटाची जागाही चालेल असं कळव. आता 'आर' ही प्रोग्रामिंगची भाषाही लागते, ती थोडी शिकते आहेस असं लिही आणि शिकायला लागही. जिथून तुला आधी फोन येईल ते शहर तक्त्यात वर चढव. अटलांट्याहून आला तर मी आनंदानं म्हणेन, अटलांट्याला जा, फक्त सासूबाईंसाठी पदपथ असलेली वसाहत शोध.

नवऱ्याला हे पत्र वाचून दाखव. त्यानं पगाराचा आकडा पुढे केला तर त्याच्यापुढे ६० दिवस ठेव.

अजून एक. पत्रात मुलीचं कॉलेज आहे, व्हिसा आहे, पण तिचं म्हणणं कुठेच नाही. नववीत जाणारी पोर, मैत्रिणी सोडून निघणार. तिला कुठलं शहर हवंय हे विचारून उगाच तिच्या अंगावर ओझं टाकू नकोस. पण तुम्ही घर बघायला याल तेव्हा तिला बरोबर आणा, शेवटच्या दोन घरांतलं एक तिला निवडू द्या, आणि तिची खोली कुठली ते तिला सांगू द्या. कथक शिकते म्हणालीस ना, तर तिच्या बाईंकडून ती कुठवर आली आहे ते लिहून घे, म्हणजे इथल्या गुरूंना पुढचा तोडा कुठून धरायचा ते कळेल.